फिरता बिंदू आणि त्याची जागा



वैशाखातल्या संध्याकाळी माणसे व्याख्यानाला येतात ती दोन घटका मोकळ्या वाऱ्यात बसून काही चांगले कानांवर पडावे म्हणून. अशा ठिकाणी भूमितीचा फळा आणून उभा करणे हा थोडा अविवेकच आहे, हे मला कळते. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'बिंदुपथ' असे सांगितले. त्यावर एकजण आनंदाने म्हणाले, "वा! म्हणजे योगमार्गावर बोलणार तर!" मी म्हणालो, "नाही हो, सरळ रेषांच्या भूमितीवर." त्यांचा चेहरा उतरला, पण सज्जन गृहस्थ, विषय बदला असे काही म्हणाले नाहीत. त्यांच्या त्या सौजन्याचा फायदा घेऊन मी आज उभा आहे.

आरंभीच आपणाला एक अभय देतो. बेरीज-वजाबाकी, एखाद्या संख्येचा वर्ग, आणि काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो ही गोष्ट, एवढ्या शिदोरीवर आजची वाट चालता येईल. आणि वाटेच्या शेवटी मला एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगायची आहे. खरे म्हणजे तीच सांगण्यासाठी मी हा विषय घेतला.

प्रथम एक घरगुती प्रश्न. दिवाळीआधी भिंतीला चुना लावायचे काम चालले आहे. दहा फुटांची शिडी भिंतीला टेकवून ठेवलेली आहे, आणि तिच्या बरोबर मधल्या पायरीला चुन्याचे डबडे अडकवले आहे. शिडीचा पाय घसरू लागतो. वरचे टोक भिंतीला टेकलेलेच राहून खाली येते, खालचे टोक फरशीवरून पुढे सरकते, आणि अखेर शिडी जमिनीवर आडवी होते. आता सांगा, डबडे जिथे अडकवले आहे तो बिंदू कोणत्या वाटेने खाली आला? सरळ तिरप्या रेषेने? कोपऱ्याकडे झोळ घेतलेल्या वाटेने? की कोपऱ्यापासून बाहेर फुगलेल्या वाटेने? प्रत्येकाने मनातल्या मनात आपले उत्तर ठरवावे आणि ते प्रामाणिकपणे लक्षात ठेवावे.

आता हे पाहा. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तो कोपरा आपण आरंभबिंदू मानू. फरशीवरून मोजलेल्या अंतराला 'क्ष' म्हणू आणि भिंतीवरून मोजलेल्या उंचीला 'य' म्हणू. म्हणजे फरशी हा क्ष-अक्ष झाला आणि भिंत हा य-अक्ष. एखाद्या क्षणी शिडीचा पाय कोपऱ्यापासून 'म' फुटांवर आहे आणि डोके 'न' फूट उंचीवर आहे. शिडी दहा फुटांचीच आहे, ती लांबत नाही की आखडत नाही; म्हणून

म² + न² = १००.

डबडे मध्यावर आहे, म्हणून त्याचे फरशीवरचे अंतर क्ष हे मच्या निम्मे आणि त्याची उंची य ही नच्या निम्मी. म्हणजे म = २क्ष आणि न = २य. ही दोन्ही वरच्या समीकरणात घातली की ४क्ष² + ४य² = १०० मिळते, आणि चारांनी भागले की

क्ष² + य² = २५.

या ओळीचा अर्थ काय? डावीकडचा भाग म्हणजे डबड्याच्या कोपऱ्यापासूनच्या अंतराचा वर्ग. तो नेहमी पंचवीस, म्हणजे अंतर नेहमी पाच फूट. कोपऱ्यापासून सारख्या अंतरावर राहून फिरणारा बिंदू वर्तुळावर फिरतो. तेव्हा डबडे कोपऱ्याभोवती पाव वर्तुळ काढून, बाहेर फुगलेल्या वाटेने खाली आले. ज्यांनी मनात झोळ धरला होता त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. शिडीच्या एकामागून एक स्थिती कागदावर काढल्या तर त्या सगळ्यांची मिळून जी कड दिसते ती खरोखरच कोपऱ्याकडे झोळ घेते. डोळा त्या कडेला भुलतो आणि डबड्याला विसरतो. समीकरण मात्र डबड्याला विसरत नाही.

आपण आत्ता केले ते काय? तीन गोष्टी केल्या. फिरणाऱ्या बिंदूला नाव दिले. फिरण्यावर जी अट होती ती त्या नावांच्या भाषेत लिहिली. आणि म आणि न या मध्यस्थांना कामापुरते बोलावून काम होताच निरोप दिला. यालाच निरसन म्हणतात. शिडी घसरताना म बदलतो, न बदलतो, क्ष आणि यसुद्धा बदलतात. पण या सगळ्या धावपळीत एक नाते स्थिर राहते. ते शोधून काढणे म्हणजे बिंदुपथ काढणे.

नाव देण्याची ही युक्ती आपल्याला परकी नाही. भास्कराचार्यांच्या सन ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत बीजगणिताचा भाग आहे. त्यात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात, आणि अज्ञात एकाहून अधिक असतील तर कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे देतात. जे ठाऊक नाही त्याला आधी नाव द्या आणि ते ठाऊकच आहे अशा थाटात त्याच्याशी व्यवहार करा, हे धैर्य त्या नावांत आहे. मात्र बिंदूची जागा दोन अंतरांनी बांधून आकृतीचे समीकरण करणे ही पुढची पायरी सतराव्या शतकात फ्रान्समध्ये घडली. तिच्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

निरसनाचा एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन पाहुण्यांना निरोप द्यायचा असेल तर तीन समीकरणे हवीत. तिघांना द्यायचा असेल तर चार. समीकरणे नेहमी पाहुण्यांपेक्षा एकाने जास्त पाहिजेत, म्हणजे सगळे गेल्यावर एक समीकरण घरच्या माणसांसाठी, क्ष आणि य यांच्यासाठी, शिल्लक राहते. विद्यार्थी अडतो तो बहुधा इथेच. तो अक्षरांशी झटत बसतो, आणि प्रश्नातली एक अट समीकरणात लिहायचीच राहून गेली आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. अशा वेळी मी सांगत असे, "बाबा रे, आधी मोज. पाहुणे किती आणि समीकरणे किती?"

आता सरळ रेषांचा एक प्रश्न घेऊ. एक रेषा (२, ३) या ठरलेल्या बिंदूभोवती फिरते आहे. फिरताना ती दोन्ही अक्षांना छेदते. या दोन छेदबिंदूंचा मध्यबिंदू कोणत्या वाटेने जातो? अक्षांवर म आणि न एवढी अंतरे तोडणाऱ्या रेषेचे समीकरण क्ष/म + य/न = १ असे असते. इथे एक अडचण येते. क्ष आणि य ही अक्षरे रेषेवरच्या बिंदूंसाठी खर्च झाली; आता मध्यबिंदूला काय म्हणायचे? म्हणून त्याला तात्पुरते (ह, क) म्हणतात. रेषा (२, ३) मधून जाते, म्हणून २/म + ३/न = १. मध्यबिंदूमुळे म = २ह आणि न = २क. ती घातली आणि अपूर्णांक काढून टाकले की ३ह + २क = २हक असे मिळते. मग शेवटची ओळ लिहायची : हच्या जागी क्ष आणि कच्या जागी य घालून,

३क्ष + २य = २क्षय.

ही सरळ रेषा नव्हे. हा अपास्त नावाचा वक्र आहे. पण माझे लक्ष त्या शेवटच्या ओळीकडे आहे. हच्या जागी क्ष का घालायचा? वर्षानुवर्षे मुले ही ओळ मंत्रासारखी लिहितात आणि शिक्षक तिच्यावर बरोबरची खूण करतात. तिचा अर्थ साधा आहे. फिरत्या बिंदूला आपण क्षणभर एका जागी थांबवले आणि त्याला (ह, क) म्हटले. त्याच्याबद्दल जे सिद्ध झाले ते तो कुठेही थांबला असता तरी सिद्ध झाले असते. म्हणून आता त्याला सोडून द्यायचे आणि जे एकाबद्दल म्हटले ते सगळ्यांबद्दल म्हणायचे. हच्या जागी क्ष लिहिणे म्हणजे थांबवलेल्या बिंदूला पुन्हा चालू लागण्याची परवानगी देणे.

बिंदुपथ सरळ रेषा केव्हा निघतो? शेवटचे समीकरण पहिल्या घाताचे असेल तेव्हा, म्हणजे त्यात क्ष² , य² किंवा क्षय असे काही उरले नसेल तेव्हा. एक उदाहरण पाहा. एक घर (१, २) वर आहे, दुसरे (५, ४) वर. दोन्ही घरांपासून सारख्याच अंतरावर विहीर खणायची आहे. ती कुठे कुठे खणता येईल? विहीर (क्ष, य) वर धरा. दोन अंतरांचे वर्ग सारखे ठेवले तर

(क्ष − १)² + (य − २)² = (क्ष − ५)² + (य − ४)².

दिसायला हे वर्गांचे जंगल आहे. पण उलगडून पाहा. क्ष² दोन्ही बाजूंना आहे, य² दोन्ही बाजूंना आहे. ते एकमेकांना खाऊन टाकतात. उरते ते ८क्ष + ४य = ३६, म्हणजे २क्ष + य = ९. सरळ रेषा! दोन घरांच्या मधला बिंदू (३, ३) तिच्यावर आहे, आणि ती घरे जोडणाऱ्या रेषेला लंब आहे. आता अट जरा बदला. अंतरे सारखी नकोत. त्यांच्या वर्गांतला फरक ८ असावा. तरीही वर्ग दोन्ही बाजूंचे जातात आणि उत्तर येते २क्ष + य = ११, पहिल्या रेषेला समांतर. ही गोष्ट अपोलोनियस या ग्रीक भूमितिकाराला समीकरणावाचून ठाऊक होती. त्याचा या विषयावरचा ग्रंथ आज नष्ट झाला आहे. पण पाप्पसने त्यातले सिद्धांत नोंदवून ठेवले, म्हणून ते आपल्याला कळतात. परंतु एक अंतर दुसऱ्याच्या दुप्पट असावे अशी अट घातली, तर वर्ग सारख्या मापाने येत नाहीत, जात नाहीत, आणि रेषेच्या ऐवजी वर्तुळ मिळते.

आता त्या विद्यार्थ्याची गोष्ट.

मी तीस-बत्तीस वर्षे शिकवले. पहिल्या काही वर्षांतली ही हकीगत आहे. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर एका गवंड्याचा मुलगा बसे. सुट्टीत वडिलांच्या हाताखाली काम करी. ओळंबा आणि दोरी यांच्याशी त्याची चांगली ओळख होती. सहामाही परीक्षेत मी एक प्रश्न घातला होता : 'एक चल रेषा दोन्ही अक्षांच्या धन बाजूंना छेदते. छेदबिंदूंची आरंभबिंदूपासूनची अंतरे मिळून १० होतात. छेदबिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाच्या मध्यबिंदूचा बिंदुपथ काढा.' आपण आता तो तोंडी सोडवू शकाल. म + न = १०; म = २क्ष, न = २य; म्हणून क्ष + य = ५. पुस्तकाच्या मागे हेच उत्तर छापलेले होते.

त्या मुलाने ते सगळे बरोबर केले होते. आणि मग खाली लिहिले होते : 'पण ही सगळी रेषा नाही. फक्त दोन अक्षांमधला तुकडा. आणि त्याची टोकेही नाहीत.' त्या ओळींखाली मी तांबडी रेघ मारली आणि एक गुण कापला.

पेपर वाटल्यावर तो उभा राहिला. म्हणाला, "सर, माझा एक गुण का गेला?"

"उत्तराला नसते शेपूट का जोडलेस? पुस्तकात उत्तर काय दिले आहे?"

"क्ष अधिक य बरोबर पाच."

"मग?"

तो जरा थांबला आणि म्हणाला, "पण सर, ती रेषा भिंतीच्या पलीकडे जाते. आपला बिंदू पलीकडे कसा जाईल?"

मी म्हणालो, "उत्तराशी मतलब ठेव. बस खाली."

तो खाली बसला. एका गुणाने त्याचे काही अडले नाही. पुढे तो उत्तीर्ण झाला. पण त्या वर्षात त्याने पुन्हा मला एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हा मला ते जाणवलेही नाही. वर्ग शांत आहे, याचे मला समाधानच वाटत होते.

तो बरोबर होता. किती बरोबर होता हे आपण पाहू. म आणि न दोन्ही धन आहेत, म्हणून क्ष आणि यही धनच. तेव्हा बिंदू (५, ०) आणि (०, ५) यांच्या मधल्या तुकड्याबाहेर जाऊच शकत नाही. टोकेही नाहीत, कारण (५, ०) वर यायचे तर म दहा आणि न शून्य पाहिजे. मग ती रेषा म्हणजे क्ष-अक्षच होतो, आणि जो स्वतः अक्षच आहे तो अक्षाला एका बिंदूत छेदणार कसा?

आता प्रश्नातला 'धन बाजूंना' हा एक शब्द काढून टाका आणि छेदांची चिन्हांसह बेरीज दहा धरा. म तेरा असू शकेल आणि न उणे तीन. मध्यबिंदू साडेसहा आणि उणे दीड, बेरीज पाचच. आता बिंदू भिंतीच्या पलीकडे जातो, अगदी दूरवर जातो. सगळी रेषा त्याची आहे, फक्त ती दोन टोके वगळून.

आणखी एक प्रश्न. दोन रेषा एकमेकींना लंब आहेत. एखाद्या बिंदूची त्या दोघींपासूनची अंतरे मिळून ५ होतात. त्याचा बिंदुपथ काय? घाईने लिहिले तर पुन्हा तेच : क्ष + य = ५. पण अंतर कधी उणे नसते. रेषेच्या या बाजूला तीन फूट काय आणि त्या बाजूला तीन फूट काय, अंतर तीनच. तेव्हा चारही चरणांत एकेक तुकडा मिळतो आणि चार तुकडे मिळून एक चौरस होतो, कोनावर उभा केलेल्या पतंगासारखा. त्याचे कोपरे (५, ०), (०, ५), (−५, ०) आणि (०, −५). येथे टोकेही उत्तरात आहेत.

तीन प्रश्न; घाईचे उत्तर तिन्हींचे एक, क्ष + य = ५; आणि खरी उत्तरे तीन : एक टोके नसलेला तुकडा, एक दोन बिंदूंनी उणी रेषा, एक चौरस. मी ज्याला नसते शेपूट म्हणालो होतो, खरे उत्तर त्या शेपटातच होते.

हे मला कळायला फार वर्षे लागली, आणि कळले ते पाप्पसमुळे. हा चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा गणिती. ग्रीक भूमितिकार प्रश्न दोन भागांत सोडवीत, असे तो सांगतो. आधी विश्लेषण : जे शोधायचे ते सापडलेलेच आहे असे धरून मागे मागे जायचे आणि त्यातून काय निष्पन्न होते ते पाहायचे. मग संश्लेषण : जे हाती लागले त्यापासून उलट निघून मूळ प्रश्नाच्या अटीपर्यंत यायचे. आपण समीकरण काढतो ते पहिल्या अर्ध्याचे काम. बिंदू अट पाळतो, तर त्याची नावे हे समीकरण पाळतात, एवढेच त्यातून सिद्ध होते. समीकरण पाळणारा प्रत्येक बिंदू अट पाळतो का, हा दुसरा अर्धा. गवंड्याच्या मुलाने तो अर्धा केला होता. कोणी शिकवले नसताना केला होता; आणि शिकवण्याचे वेतन घेणाऱ्या माणसाने त्याला त्याबद्दल दंड केला होता.

शब्दांचाही यात थोडा वाटा आहे. ग्रीक लोक या कल्पनेला 'टोपॉस' म्हणत आणि लॅटिनमध्ये तिला 'लोकस' म्हणतात. दोहोंचा अर्थ 'जागा'. आपण मराठीत 'बिंदुपथ' म्हणतो, म्हणजे वाट. वाट हा शब्द गोड आहे. तो बिंदूला चालवतो, आणि शिडीवरचे डबडे डोळ्यांपुढे उभे करतो. पण जागा हा शब्द अधिक काटेकोर आहे. तो विचारतो : या जागेवर हक्क कोणाचा? हक्काचा एकही बाहेर राहिला नाही ना, आणि बिनहक्काचा एकही आत शिरला नाही ना? मघाच्या अपास्ताकडेच पाहा. (२, ३) मधून जाणारी एक रेषा आरंभबिंदूतूनही जाते. तिला क्ष/म + य/न = १ हे रूप देता येत नाही, कारण तिथे म आणि न दोन्ही शून्य होतात. ती आपण नकळत दाराबाहेर ठेवली. पण अपूर्णांक काढताच शेवटच्या समीकरणात आरंभबिंदू मागच्या दाराने आत आला. तो हक्काचाच होता, म्हणून निभावले. दर वेळी निभावेल असे नाही. म्हणून दारावर उभे राहून पाहावे लागते.

फ्रान्समधल्या ज्या दोघांनी समीकरणाचे हे दार उघडले त्यांची आठवण इथे केली पाहिजे. देकार्तची 'भूमिती' १६३७ मध्ये लायडेन येथे त्याच्या प्रसिद्ध ग्रंथाचे परिशिष्ट म्हणून छापली गेली. त्यात त्याने पाप्पसकडचा एक जुना प्रश्न हाती घेतला. चार रेषा दिल्या आहेत. असा बिंदू शोधा की दोन रेषांपासूनच्या त्याच्या अंतरांचा गुणाकार उरलेल्या दोहोंपासूनच्या अंतरांच्या गुणाकाराशी ठरलेल्या प्रमाणात असेल. युक्लिडला हा प्रश्न पुरता सुटला नव्हता, असे अपोलोनियसने म्हटले आहे. देकार्तच्या हाती तो कसा सोपा झाला पाहा. रेषेपासूनचे अंतर ही पहिल्या घाताची राशी असते; उदाहरणार्थ ३क्ष + ४य = १० या रेषेपासूनचे अंतर म्हणजे ३क्ष + ४य − १० ला पाचांनी भागणे, मग चिन्ह कोणतेही येवो. दोन अंतरांचा गुणाकार दुसऱ्या घाताचा. तेव्हा सगळे समीकरण दुसऱ्या घाताचे, आणि वक्र वर्तुळ, लंबवर्तुळ, अन्वस्त, अपास्त यांच्याच कुळातला. रेषा वाढवा, घात वाढेल, वक्र अधिक गुंतागुंतीचे होतील. पण रीत तीच. नुसत्या सरळ रेषांपासून मोजलेल्या अंतरांतून केवढी वक्रांची सृष्टी निर्माण होते!

दुसरा फर्मा. तुलूझच्या न्यायदरबारातला हा अधिकारी गणित फावल्या वेळात करी. त्याने अपोलोनियसचा तो नष्ट झालेला ग्रंथ पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न केला आणि त्याच सुमारास बिंदुपथांवर स्वतंत्र निबंध लिहिला. समीकरणात दोन अज्ञात उरले की त्यातून एक बिंदुपथ मिळतो, आणि पहिल्या घाताचे समीकरण सरळ रेषाच देते, हे त्यात स्पष्ट आहे. तो हस्तलिखितरूपाने मित्रमंडळींत फिरला आणि छापला गेला १६७९ मध्ये, फर्माच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी.

कोणी विचारील, या सगळ्याचा व्यवहारात उपयोग काय? एकच सांगतो. वाफेच्या यंत्रात दट्ट्या सरळ वर-खाली जातो, पण ज्या मोठ्या दांडीला तो जोडायचा ती खिळ्याभोवती फिरते, म्हणजे तिचे टोक वर्तुळाचा तुकडा काढते. दट्ट्या दांडीला नुसता ओढतच नसेल, ढकलतही असेल, तर मध्ये साखळी चालत नाही. फिरणाऱ्या दांड्या अशा जोडायच्या की त्यांच्यावरचा एक बिंदू सरळ रेषेत जाईल. हा बिंदुपथाचाच प्रश्न आहे. जेम्स वॉटने १७८४ मध्ये त्याचे उत्तर दिले. आपल्या सगळ्या यांत्रिक शोधांत या जोडणीचा अभिमान सर्वांत अधिक वाटतो, असे त्याने म्हातारपणी मुलाला लिहिले. पण त्याचा बिंदू अगदी सरळ जात नव्हता. त्याचा पूर्ण बिंदुपथ लांबट इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा आहे. त्यातला मधला तुकडा जवळजवळ सरळ आहे, आणि तेवढाच त्याने वापरला. अगदी अचूक सरळ रेषा देणारी जोडणी पोसेलिए या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १८६४ मध्ये जाहीर केली. वॉटचे यंत्र चालले ते का? वक्राचा कोणता तुकडा आपल्या कामाचा आणि कोणता नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक होते म्हणून. गवंड्याच्या मुलानेही हेच विचारले होते.

आज समीकरण दिले की संगणक क्षणात आकृती काढून दाखवतो. त्याचा मला आनंद आहे. माझ्या हाताने काढलेले अपास्त कधीच इतके सुरेख आले नाहीत. पण क्ष + य = ५ सांगितले तर तो सबंध रेषाच काढील. ती कुठे थांबवायची हे प्रश्न वाचणाऱ्याने त्याला सांगितले पाहिजे. ते काम माणसाचेच राहिले आहे, आणि म्हणून ते मुलांना शिकवणे अधिक जरुरीचे झाले आहे.

इथे पालक बसले आहेत, शिक्षकही बसले आहेत. त्यांच्याजवळ माझे मागणे लहान आहे. मुलाने उत्तर काढले की पुस्तकाचे मागचे पान उघडण्यापूर्वी त्याला दोन प्रश्न विचारा : "तुझ्या उत्तरातला प्रत्येक बिंदू प्रश्नाची अट पाळतो का? आणि अट पाळणारा एखादा बिंदू बाहेर राहिला का?" उत्तर देता आले नाही तरी चालेल. पण तोच प्रश्न मुलाने तुम्हाला विचारला, तर त्याला खाली बसवू नका. मी बसवले होते. तो एक गुण आजही माझ्याकडे त्याचा येणे आहे, आणि तो मला कुठे परत करता येत नाही. म्हणून आज आपणा सर्वांसमक्ष त्याच्या उत्तरावर बरोबरची खूण करतो.

 आता प्रश्न विचारावेत. जितके विचाराल तितके मला हवे आहेत.